लकव्याच्या पेशंटला भरवताना

कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये माणूस ॲडमिट झाला की गावाकडनं डबा येतोच, त्यात बहुतेकदा पांढरा रस्सा. पातळ आहे, सहज उतरेल, असं वाटतं. पण लकव्यानंतर पातळ पदार्थानंच जास्त ठसका लागतो. गिळायची तयारी होण्याआधीच तो घशात घसरतो आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर-सिस्टरांनी गिळणं तपासेपर्यंत कृपा करून पाणीसुद्धा देऊ नका. परवानगी मिळाली की ताठ बसवा, कवळी असेल तर लावा, अर्धा चमचा द्या, गिळल्यावरच पुढचा. लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलाय का बघा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. सिस्टरांना ‘थोडं खाल्लं’ नको, ‘अर्धी वाटी नाचणीची घट्ट पेज’ असं सांगा.