जव्हार-मोखाड्यात कॅमेरा नेताना

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर फोटो काढायचे असतील तर सुरुवातीलाच दोन फेऱ्या ठरवा. पहिलीत ओळख, परवानगी आणि फोटो. दुसरीत त्याच फोटोंच्या प्रती ज्याच्या त्याच्या घरी पोचवणं. दुसऱ्या फेरीला सवड नसेल तर पहिलीत माणसांचे फोटो काढू नका, डोंगर आणि धबधबे काढा. आपला फोटो कुठे गेला हे माणसाला कधीच कळत नाही, ही गोष्ट मनाला खरोखर लागते.

दिवाळीनंतर अनेक कातकरी, वारली, ठाकर कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात, त्यामुळे ऐन थंडीत कितीतरी घरांना कुलपं दिसतात. होळीला माणसं गावी येतात. भातलावणीच्या दिवसांत पाऊस अंगावर घेत काम चालू असतं. तेव्हा कुणाला थांबवून ‘जरा इकडे बघा’ म्हणू नका.

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे खोडाळ्यामार्गे एसटी किंवा जीप. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना फोन करा. हा पेसा कायद्याखालचा, म्हणजे आदिवासी भागांत ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा भाग आहे, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पाड्यावरचाच एक वाटाड्या घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा. फोटोमागे पैसे मात्र देऊ नयेत. एका घरी दिले की शेजारच्या घरात कुरबूर होते, आणि मुलं कॅमेरा दिसला की हात पुढे करायला लागतात. द्यायचंच असेल तर वारली चित्र विकत घ्या, सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता.

बोहाडा म्हणजे मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवण्याचा उत्सव. त्याची तारीख गावागणिक वेगळी, ती गावातच विचारा. सोंगं रात्री निघतात. मुखवटा चढवलेला माणूस तेव्हा देवाच्या जागी असतो, म्हणून त्याला थांबवून पोझ मागू नये आणि मुखवट्याला हात लावू नये. फ्लॅश बंदच. मुखवट्याच्या भोकांतून आधीच कमी दिसतं, त्यात डोळ्यांवर झोत आला की नाचणारा अडखळतो. ३५ किंवा ५० एमएमची एफ/१.८ लेन्स, शटर १/१२५ ते १/२००, आयएसओ ३२०० ते ६४००. मागे काळोख असल्यामुळे कॅमेरा उजेड वाढवून धरतो आणि रंगवलेला चेहरा पांढरा फटक पडतो. एक्स्पोजर एक स्टॉपने खाली आणा. टेंभ्याच्या उजेडात ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेमगणिक बदलतो, तो ३२०० केल्विनवर बांधा आणि रॉमध्ये काढा.

घरात लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढतात ते वारली चित्र, लिहिलेला असेल तर तो पूजेचा भाग आहे. घरच्या बाईला विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका. वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, ठाण्याचा फोटोही विचारूनच. कुडाच्या घरात आत अंधार असतो, म्हणून माणसाला आहे त्या कामासकट ओटीवर, दाराच्या सावलीत बसायची विनंती करा. पहिला फोटो काढला की लगेच पडद्यावर दाखवा. नको म्हटलं, मान फिरवली किंवा पदर तोंडावर घेतला, तर तिथेच थांबायचं. मुलांसाठी आई-बापाचा होकार लागतो. मुलांनी हौसेने पोझ दिली म्हणजे तो मिळाला असं नाही.

ड्रोन नेऊ नका. आवाजाने गुरं बुजतात आणि वरून घरांची अंगणं दिसतात. सोबत तीन बॅटऱ्या, पॉवर बँक, सुट्टे पैसे आणि पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा. पाड्यांवर रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

वहीत फोटोच्या नंबरासमोर नाव, पाडा आणि कुणाकडे प्रत द्यायची ते तिथल्या तिथे लिहा. मुंबईला आल्यावर चार बाय सहाच्या प्रती काढा. घरात जितकी माणसं फोटोत, तितक्या. इंस्टाग्रामवर टाकण्याची परवानगी वेगळी मागावी लागते, फोटो काढू दिला यात ती येत नाही. ती मिळाली तरी फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका आणि पाड्याचं नाव न देता नुसता तालुका लिहा.