नवरा तांबड्या समुद्रात असताना घर कसं चालवायचं

आमचे हे टँकरवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम आहेत. लग्न होऊन मी दापोलीहून नेरूळला आले तेव्हा धास्ती सोमालियाच्या चाच्यांची असायची. आता ड्रोन आणि क्षेपणास्त्रं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवून नेलं, तेव्हापासून बिल्डिंगमधल्या पोरी विचारतात, ‘काकू, तुम्ही शांत कशा राहता?’ शांत कसली राहते! पण हाताला काम असलं की रात्र निघते. तीच कामं सांगते.

सगळ्यात मोठं काम साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या आधीचं. बेलापूरच्या मॅनिंग ऑफिसातून, म्हणजे खलाशी भरती करणाऱ्या ऑफिसातून करार आला की दोघांनी बसून वाचा. तो आयबीएफचा, म्हणजे जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतून ठरलेला असेल आणि जहाज ‘वॉरलाइक ऑपरेशन्स एरिया’ (युद्धासारखा धोका असलेला भाग) म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात जाणार असेल, तर नवऱ्याला नकार देता येतो आणि घरी पाठवायचा खर्च कंपनीचा असतो. तो त्या पाण्यात गेला, तर तिथल्या दिवसांचा बेसिक, म्हणजे मूळ पगार दुप्पट, मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. कागदावर हे सगळं छान दिसतं. नकार दिल्यावर पुढचं काँट्रॅक्ट मिळेल का, ही धाकधूक मात्र कुठल्याच कलमात नसते. म्हणून जायचं की नाही हे घरीच ठरवा, जहाज सुएझपाशी पोचल्यावर फोनवर रडून नको. आणि तो दुप्पट बेसिक घराच्या हप्त्यात कधीही धरू नका. जहाज तांबडा समुद्र टाळून केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गेलं तर दहा ते चौदा दिवस जास्त लागतात, साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटणं पुढे जातं. तेव्हा बारसं, वास्तुशांत, काही त्याच्या तारखेला बांधू नका.

मग बँक. पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात येतो. तिथे तुमचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून लावतात, म्हणजे तो आहे तोवर नुसत्या नावावर तुम्हाला पैसे काढता येत नाहीत. मुखत्यारपत्र लागतं. ते तो घरी असतानाच करून बँकेत द्या. शिवाय घरखर्चाची अलॉटमेंट, म्हणजे पगारातून दर महिन्याला घरी पाठवायचा हिस्सा, थेट तुमच्या खात्यात लावून घ्या. नवऱ्याकडे हे मागायला लाजणाऱ्या शिकलेल्या मुली मी पाहिल्यात. कमाल वाटते.

एका वहीत पासपोर्ट आणि सीडीसीचे (खलाशाच्या ओळखपुस्तिकेचे) नंबर, कंपनीचा रात्रीचा ड्युटी नंबर, डीजी शिपिंगचा (सरकारच्या जहाज महासंचालनालयाचा) नंबर आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक लिहा. जहाज विकल्यावर त्याचं नाव बदलतं, हा नंबर बदलत नाही. टीव्हीवर मिळतंजुळतं नाव आलं की आधी तो ताडून बघा.

जहाज कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं ट्रॅकरचं ॲप दर तासाला उघडू नका. धोक्याच्या पाण्यात कप्तान बऱ्याचदा एआयएस, म्हणजे जहाजाची जागा कळवणारं यंत्र बंद ठेवतो, मग ठिपका जुन्याच जागी दिसत राहतो. जीपीएसमध्येही ढवळाढवळ होते. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळची जहाजं नकाशावर चक्क जमिनीवर दिसत होती! ठिपका गायब झाला म्हणजे जहाज बुडालं असं नाही.

खरंच काही घडलं, तर कंपनीला ‘ते ठीक आहेत ना?’ विचारू नका. ‘हो मॅडम’ एवढंच उत्तर येतं. जहाजाचा शेवटचा संदेश किती वाजता आला, कोणी जखमी आहे का, पुढचा फोन तुम्ही किती वाजता करणार, हे विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, वेळ वहीत लिहा. ६ मार्च २०२४ ला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर हल्ला झाला, तिघे गेले आणि आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवलं. अशा वेळी पहिल्या काही तासांत व्हॉट्सॲपवर काय वाट्टेल ते फिरतं. नातेवाइकांचे फोन घ्यायला दीर किंवा भाऊ, एकच माणूस नेमा. तुमचा फोन मोकळा हवा.

सासूबाईंपासून लपवू नका. त्यांना शेजारून कळतंच आणि मग आपल्यावरचा विश्वास जातो. मी माझ्या सासूबाईंना सकाळी एकदा, जेवढं पक्कं असेल तेवढंच सांगते. मग आम्ही दोघी भाजी निवडतो. हळदीकुंकवालाही नेसून जा. ‘नवरा तिकडे आणि ही नटली’ म्हणणाऱ्या बायका निघतात, त्यांना वाण द्या आणि पुढे चला.

त्याचा फोन आला की जहाज कुठे आहे ते विचारू नका, ते त्याने फोनवर सांगणं बरं नाही. आपल्या भीतीचं गाठोडंही त्याच्यापुढे सोडू नका, त्याला पुढे वॉचवर, म्हणजे पाळीच्या ड्युटीवर जायचं असतं. टाकीची मोटर बिघडली, पोराला गणितात कमी मार्क पडले, हे खुशाल सांगा, त्यावर त्याला ओरडू द्या. फोन मध्येच तुटला तर पुन्हापुन्हा लावू नका. जहाजावर नेट मोजून मिळतं.