जगातल्या मोठ्या भाषांची यादी कशी वाचायची

यादी समोर आली की आधी एकच बघा, आकडा मातृभाषेचा आहे की एकूण बोलणाऱ्यांचा, कारण मातृभाषेत चीनची मँडरिन पहिली, स्पॅनिश दुसरी आणि एकूण मोजलं की इंग्रजी वर जाते, आणि लोक हे दोन्ही मिक्स करून भांडत बसतात.

मग बघा की भाषेत काय काय धरलंय. आपल्या 2011 च्या जनगणनेत हिंदी 52 कोटींच्या वर दिसते, पण त्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी सगळं आलं, एकट्या भोजपुरीचेच 5 कोटी. मराठी 8.3 कोटी, तेलुगू 8.1, म्हणजे दोघी जवळजवळ खांद्याला खांदा लावून. वर्षही बघाच, आकडे जुने असतात.

आता महत्त्वाचं. हे आकडे आपल्याच उत्तरातून तयार होतात. सोलापुरात पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, कुठं उर्दू, आणि बाहेर सगळे मराठी फाडफाड बोलतात, तर जनगणनेवाले आले की गोंधळ होतो. नियम सोपाय, लहानपणी आई तुमच्याशी जी बोलायची ती मातृभाषा. आई लवकर गेली असेल तर तेव्हा घरात जी चालायची ती. शाळा कुठल्या मीडियमची होती याचा संबंध नाही, जात-धर्माचा पण नाही.

तुम्हाला येणाऱ्या इतर भाषा वेगळ्या विचारतात, 2011 ला दोन लिहून घेतल्या होत्या, तिथं मराठी बिनधास्त सांगा. आणि घरातल्या प्रत्येकाची वेगळी विचारून सांगा, सुनेची कन्नड असेल तर कन्नडच लिहायला लावा.