कोमोडोची शिडाच्या जहाजाची सफर: बुकिंगआधी या चुका टाळा

बालीहून विमानाने तासाभरात फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोला पोचता येतं. महाकाय घोरपडींसाठी (कोमोडो ड्रॅगन) प्रसिद्ध असलेल्या कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या तीन दिवस-दोन रात्रींच्या सफरी याच बंदरातून सुटतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा 'पिनिसी'वर असतात. दोन डोलकाठ्या आणि सात शिडं असलेली ही लाकडी जहाजं दक्षिण सुलावेसीत बांधतात. ती बांधण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. जाहिरातीत सातही शिडं फुगलेली असतात आणि लोक तिथेच भुलतात.

शिडं पाहून जहाज ठरवणं

बहुतेक पिनिसी डिझेल इंजिनावरच चालतात. पहाटे पादार बेटावर चढायचं, दुपारी पाणी स्थिरावेल तेव्हा मांटा मासे बघायला मांटा पॉइंट गाठायचा, अशा वेळापत्रकात वाऱ्याची वाट बघायला कुणाला सवड नसते. शिडं उघडलीच तर फोटोपुरती. म्हणून थेट विचारा: इंजिन बंद ठेवून फक्त शिडावर रोज किती वेळ जातो? उत्तर गोलमोल आलं, तर इंजिनाची बोट घेतोय असं समजूनच पैसे मोजा.

मग पुढचा मुद्दा आवाजाचा. खालच्या मजल्यावरची, वरामणाकडची (मागच्या टोकाची) केबिन स्वस्त मिळते, कारण इंजिन आणि जनरेटर तिथेच असतात. एसी रात्रभर हवा असेल तर जनरेटरही रात्रभर चालणार. वरच्या मजल्यावर हवा-उजेड छान, पण हेलकावे जास्त. ज्याला बोट लागते त्याने मधल्या भागातली, शक्य तितकी खालची केबिन घ्यावी, आणि गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधी निदान तासभर घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही.

तारीख ठरवताना तिथी न पाहणं

प्रशांत महासागराचं पाणी याच बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून हिंदी महासागरात उतरतं, त्यात भरती-ओहोटीची भर. पौर्णिमा-अमावस्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं, तेव्हा प्रवाह नदीसारखा ओढतो. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी त्यातल्या त्यात शांत. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे सांगावं लागत नाही, पण पॅकेज विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मुलं किंवा नवखे पोहणारे सोबत असतील तर भिंतीवरचं कॅलेंडर उघडून भांगाचे दिवस निवडा.

दिवाळीच्या सुट्टीत हे विशेष लक्षात ठेवा. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, म्हणजे ऐन दिवाळीत उधाण. भाऊबीज आटोपून निघालात आणि सप्तमी-अष्टमीला जहाजावर चढलात, तर नेमका भांग सापडतो.

पाण्यात ओढलं गेल्यावर प्रवाहाविरुद्ध हात मारत राहणं ही घातक चूक. पाच मिनिटांत दम संपतो. लाइफ जॅकेट घातलेलं असू द्या, तरंगत राहा, एक हात उंच करून डिंगीला, म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटीला, खूण करा. त्यासाठी डिंगी आणि खलाशी पाण्यातल्या माणसांच्या मागेच हवेत. जहाजाला बांधलेली डिंगी असून नसल्यासारखी.

ऋतूंचं म्हणाल तर एप्रिल ते नोव्हेंबर कोरडा काळ, त्यामुळे मे महिनाही जमतो. जुलै-ऑगस्टमध्ये उद्यानाच्या दक्षिण भागात वारा जोराचा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र खवळला की बंदर अधिकारी जहाजं सोडत नाहीत. अशा वेळी पैसे परत मिळणार की फक्त तारीख बदलून मिळणार, हे लेखी घ्या. उद्यानाचं शुल्क दरात धरलंय की वेगळं, तेही त्याच मेलमध्ये विचारा.

'व्हेज' एवढंच सांगून निर्धास्त होणं

तिथल्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, सर्रास तेरासी असते. आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून, वाटून तिच्या वड्या करतात. भाजीत मासा दिसत नाही, पण वाटणात तेरासी असते. स्वयंपाक्याला कागदावर लिहून द्या: 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी', म्हणजे मांस नको, मासे नकोत, तेरासी नको. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) तिथे भरपूर मिळतं, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. कांदा-लसूणही चालत नसेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवा. सामान बंदरातच भरलं जातं.

चढल्यावर आधी फोटो काढत बसणं

आधी खालच्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा शोधा. जिना एकच असेल तर दुसरी वाट म्हणजे वर उघडणारी झडप असायला हवी. ती स्वतः ढकलून बघा. तिच्यावर सामान रचलेलं असेल किंवा कडी अडकत असेल, तर नांगर उचलण्याआधी दुरुस्त करून घ्या. लाकडी जहाजावर आग झपाट्याने पसरते, म्हणून मोबाइल आणि पॉवर बँक उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. लाइफ जॅकेट केबिनमध्येच आहेत ना, मुलांच्या मापाची आहेत ना, रात्री पहाऱ्यावर कोण असतं, हेही विचारा. नीट चालवलेल्या जहाजावर हे तुम्ही विचारायच्या आतच सांगितलं जातं.

विमान आणि सामान

जहाज सकाळी सुटतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच लाबुआन बाजोला पोचा. उतरायच्या दिवशीचं परतीचं विमान टाळा. स्कूबा केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास उड्डाण नको. चाकांची कडक सूटकेस डिंगीतून चढवताना त्रास देते आणि बाकाखाली मावतही नाही. मऊ पिशवी आणा. पादारच्या चढणीला चपला नकोत, पकड असलेले बूट लागतात. कोमोडो किंवा रिंचा बेटावर उतरताना उघडी जखम किंवा मासिक पाळी असेल तर रेंजरला आधीच सांगा. घोरपडींना रक्ताचा वास लांबून येतो.