प्रवासातला मायक्रोकंट्रोलरचा डबा: एकच व्होल्टेज, एकच केबल

कामानिमित्त महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेरगावी असतो. मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे सेन्सर-दिवे चालवणाऱ्या चिमुकल्या संगणक-चिपचा, नाद नवा होता तेव्हा पहिल्याच दौऱ्यावर अर्धी बॅग भरून सामान नेलं: ईएसपी८२६६चा बोर्ड, एलसीडी, दोन मोटारी आणि तीसेक सेन्सरांचं किट. त्या आठवड्यात एक एलईडीसुद्धा लुकलुकला नाही. बोर्डावरचा दिवा लागायचा, पण लॅपटॉपला बोर्ड दिसायचा नाही. तीन संध्याकाळी मी ड्रायव्हर काढत-घालत बसलो. घरी परतल्यावर कळलं, की सोबत नेलेली केबल फक्त चार्जिंगची होती. तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच.

तेव्हापासून सामान निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: रात्री दहा वाजता, परक्या खोलीत, हे अडलं तर माझं काय होईल? बोर्ड किती वेगवान, त्याला पिना किती, हे नंतर. नवशिक्याच्या कोणत्याही प्रकल्पाला आजचा सगळ्यात स्वस्त बोर्डही पुरून उरतो. अडतं ते केबलपाशी, ड्रायव्हरपाशी आणि वीजपुरवठ्यापाशी.

म्हणून माझा सल्ला रास्पबेरी पाय पिकोचा. २०२१च्या जानेवारीत आलेला हा बोर्ड ५१ बाय २१ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाएवढा आहे. त्यावरचं बूटसेल नावाचं बटण दाबून धरून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात फाइल टाकायची, झालं. वेगळा यूएसबी-सिरियल चिप नाही, त्यामुळे त्याचा ड्रायव्हरही शोधावा लागत नाही. एकदा मायक्रोपायथन, म्हणजे अशा बोर्डांसाठीची पायथन भाषेची छोटी आवृत्ती, चढवलं की थॉनीसारख्या हलक्या एडिटरवर, जुन्या लॅपटॉपवरही, निवांत काम होतं. आर्डुइनो उनोमध्ये रॅम फक्त २ केबी, पिकोमध्ये २६४ केबी, त्यामुळे पायथन त्याला जड जात नाही. वायफाय हवं असेल तर पिको डब्ल्यू किंवा ईएसपी३२-सी३चा छोटा बोर्ड घ्या. जो घ्याल त्याचे दोन घ्या. एक जळला असं वाटलं, तर दुसरा लावून लगेच खात्री करता येते, आणि नवशिक्याला चूक बोर्डाची की आपली हे कळणं फार मोलाचं असतं.

आता व्होल्टेज. पिको आणि ईएसपी३२ दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात, त्यांच्या पिनेला थेट ५ व्होल्ट दिले तर चिप खराब होऊ शकतो. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर बहुतेक किटांत असतो, आणि त्याची एको पिन ५ व्होल्ट सोडते. मध्ये १ आणि २ किलोओमचे रेझिस्टर लावून ते ३.३वर आणता येतात, घरच्या टेबलावर ते शिकावंही. पण प्रवासात दमलेल्या डोळ्यांनी अशी जोडणी करू नका. डब्यात ५ व्होल्टचा एकही सेन्सर ठेवायचा नाही, हा नियम मी केला आणि माझे बोर्ड जळायचे थांबले.

सेन्सरही आयटूसीवरचेच, म्हणजे सामायिक तारांवरून बोर्डाशी बोलणारे, निवडा. चार तारांत काम होतं, आणि पत्ते वेगळे असले तर त्याच तारांवर दुसरं मॉड्यूलही चालतं. माझ्या डब्यात छोटा ओलेड डिस्प्ले आणि तापमान-आर्द्रतेचा बीएमई२८० आहे, बस. या बीएमई२८०बद्दल एक सावधगिरी: त्याच्या नावाखाली पुष्कळदा आर्द्रता न मोजणारा बीएमपी२८० विकला जातो. चिपचा ओळखक्रमांक वाचा. हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. ही तपासणी निघण्यापूर्वी घरीच करा.

ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता तारा खोचून जोडणी करायची छिद्रांची पाटी. तो घेताना बोर्डाच्या पिना मोजा. १७० छिद्रांचा चिमुकला ब्रेडबोर्ड मोहात पाडतो, पण त्यात १७ ओळी असतात आणि पिकोच्या एका बाजूला २० पिना. बसतच नाही. ४०० छिद्रांच्या ब्रेडबोर्डात ३० ओळी असतात, पिको बसवून १० उरतात, तेवढ्या पुरतात. ईएसपी३२चे रुंद बोर्ड बसतात खरे, पण कडेला तार खोचायला जेमतेम एखादी रांग शिल्लक ठेवतात. लांब जंपर वायरींपेक्षा मापात कापलेल्या, ब्रेडबोर्डाला चिकटून बसणाऱ्या कडक तारा न्या. बॅगेत हलल्या तरी त्या निसटत नाहीत.

सोल्डरिंगचं सामान मी नेत नाही. हेडर, म्हणजे बोर्डाच्या पिनांच्या पट्ट्या, घरीच सोल्डर करून ठेवतो. छोटा मल्टिमीटर मात्र हवाच, कारण तार आतून तुटली आहे का हे त्याची बीपच सांगते. थोडं पुढे गेल्यावर आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या. तो पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो, आणि आयटूसीच्या तारांवर खरोखर काय चाललंय ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. मला सेन्सरची भाषा कळली ती तिथे.

पॉवर बँकेने मला बराच त्रास दिला. पिकोला इतका कमी करंट लागतो, की काही चार्ज होत नाहीये असं समजून कित्येक पॉवर बँका काही सेकंदांत बंद पडतात. मी बिचाऱ्या कोडमध्ये चूक शोधत राहिलो होतो. इअरफोन, घड्याळ वगैरेंसाठी कमी करंटचा मोड असलेली पॉवर बँक बघून घ्या. विमानाने जाणार असाल तर ती केबिन बॅगेतच ठेवावी लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर, तेव्हा ती चालते. तारा आणि बॅटरी जोडलेला ब्रेडबोर्ड मात्र तसाच घेऊन विमानतळावर जाऊ नका. २००७मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर कपड्यांवर एलईडीचा ब्रेडबोर्ड लावून आलेल्या एका विद्यार्थिनीला अटक झाली होती. सुरक्षारक्षकाला तो प्रकल्प आहे हे कसं कळणार?

हॉटेलच्या वायफायवर बोर्ड सहसा जोडला जात नाही, कारण आधी ब्राउझरमध्ये एक पान उघडून त्यावर माहिती भरावी लागते. फोनचा हॉटस्पॉट वापरा, आणि तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. पिको डब्ल्यू आणि ईएसपी३२-सी३ यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही. लायब्ररी, मायक्रोपायथनची फाइल, डेटाशीट हे सगळं निघण्याआधी उतरवून घ्या. मग एकदा लॅपटॉपचं वायफाय बंद करून, डब्यातलीच केबल लावून, एलईडी लुकलुकवून बघा. ही दहा मिनिटांची चाचणी मी अजूनही प्रत्येक दौऱ्याआधी करतो.

निघायच्या दिवशी सकाळी जोडणीचा वरून एक फोटो काढतो, कोणती तार कोणत्या पिनेला ते कोडच्या पहिल्या चार ओळींत लिहितो, आणि बॅटरी सोडवून मगच डबा बंद करतो. पुढच्या गावी तो उघडला, की काम तिथूनच सुरू होतं.