घरापासून अर्ध्या तासावरचा अंधार

उपनगरात घर लागलं, खोकी उघडून झाली, आणि पहिल्या निरभ्र रात्री अंगणात जाऊन मान वर केली, की बहुतेकांचा हिरमोड होतो. रस्ता सामसूम, शहर मागे पडलेलं, तरी तारे आपले पंचवीस-तीस. मला देश सोडून इथे येऊन बरीच वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी आकाश बघायची जागा शोधण्यात जवळजवळ फुकट घालवली. नवीन आलेली मंडळी हल्ली मला हमखास तोच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

माझी चूक अशी, की मी सर्वात काळोखी जागा शोधायला निघाले होते. नकाशावर काळाकुट्ट ठिपका दिसला, दोन तास गाडी हाकत गेलो, तर फाटकाला कुलूप. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, अशी पाटी दिव्याच्या उजेडात वाचली आणि परत फिरलो. पुढच्या खेपेला ढग. त्याच्या पुढच्या खेपेला मुलं वाटेतच झोपली. वर्षभरात तीन फेऱ्या झाल्या आणि आकाश बघून झालं एकूण चाळीस मिनिटं. नंतर घरापासून पस्तीस मिनिटांवर एका तळ्याच्या बांधामागे जागा मिळाली. ती काही फार काळोखी नव्हती. पण कामाच्या दिवशीही जेवण आटपून जाता यायचं, आणि आकाश ओळखीचं झालं ते तिथे. तेव्हा पाऊण तासाच्या आतली जागा आधी शोधा. लांबची जागा सुट्टीसाठी राहू द्या.

सुरुवात अंगणातूनच करा. उत्तर गोलार्धात असाल तर ध्रुवमत्स्यातले, म्हणजे ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहातले, सात तारे मोजा. आपण खालच्या अक्षांशांवरून आलेली माणसं. तिथे ध्रुव क्षितिजाजवळच्या धुरकटात असायचा, त्यामुळे हा ध्रुवमत्स्य अनेकांनी नीट पाहिलेलाच नसतो. ध्रुवाची उंची म्हणजे तुमचा अक्षांश. विसाव्या अंशावरून पंचेचाळिसाव्यावर आलात तर ध्रुव आकाशाच्या निम्म्यावर चढलेला दिसेल, आणि सप्तर्षी मावळायचेच थांबतील. सातांपैकी ध्रुव आणि दुसऱ्या टोकाचे दोन, असे तीन तारे तिसऱ्या प्रतीपर्यंतचे आहेत, ते सहज दिसतात. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद.) मधले तीन चौथ्या प्रतीहून थोडे मंद. सातवा जवळपास पाचव्या प्रतीचा. तीनच दिसले तर तुमचं आकाश चौथ्या प्रतीशीच थांबतंय. सहा दिसले तर बरं आहे. सातही दिसले तर अंगण सोडून जायची घाई नको. सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती चौथ्या प्रतीची आहे, तीही या कामी येते, पण चष्म्याचा नंबर बदलला असेल तर ती तुम्हालाही फसवेल आणि आकाशाबद्दलही गैरसमज करून देईल. दक्षिण गोलार्धात ध्रुव दिसणारच नाही. तिथे त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडच्या क्रूसासारख्या तारकासमूहाचा, पाचवा, साधारण ३.६ प्रतीचा तारा दिसतो का ते बघा.

आकाशाचा काळोख सांगायला जगभर बॉर्टल श्रेणी वापरतात. जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने ती २००१ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात मांडली. एक म्हणजे निर्भेळ काळोख, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. उपनगरं साधारण पाच ते सातमध्ये येतात. पाचव्या पायरीवर आकाशगंगा माथ्यावर आली तरच फिकट जाणवते. चौथ्या पायरीवर माथ्यावर तिचा पट्टा ठसठशीत होतो, क्षितिजाकडे मात्र विरतो. पाऊण तासात सातावरून चारापर्यंत पोचता आलं तरी पुष्कळ झालं.

आणि ते जमतं, कारण अंतराचा हिशेब आपल्या बाजूने आहे. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शहरांभोवतीच्या आकाशाची मोजमापं घेऊन दाखवलं, की शहराचा उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताने उतरतो. म्हणजे अंतर दुप्पट केलं तर त्या शहराचा उजेड साडेपाच-सहा पटींनी कमी. शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरवर राहत असाल तर आणखी पंधरा किलोमीटर गेल्याने जे मिळतं, ते त्यापुढच्या पंधरात मिळत नाही. अट एकच, की जाताना दुसऱ्या गावाच्या उजेडात शिरू नका.

प्रकाशप्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत, पण ते दोन जातींचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक नकाशा उपग्रहाला दिसणारा, जमिनीवरून वर जाणारा उजेड दाखवतो. दुसरा तुमच्या डोक्यावरचं आकाश किती उजळलंय याचा अंदाज देतो. आपल्याला दुसरा हवा. पहिल्यात अख्खं जंगल काळं दिसेल, आणि तिथे उभं राहिलात तर शेजारच्या शहराच्या उजेडाचा घुमट अर्ध्या आकाशावर चढलेला असेल. शिवाय ज्या उपग्रह-उपकरणाच्या मोजमापांवर हे नकाशे बेतलेले आहेत, त्याला ५०० नॅनोमीटरखालचा निळा प्रकाश टिपता येत नाही. पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावलेलं गाव नकाशावर असल्यापेक्षा काळोखं भासतं. जुन्या माहितगाराने सांगितलेली जागाही पुन्हा तपासा. २०११ ते २०२२ या काळात लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या, तेव्हा आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचं दिसलं. हा अभ्यास २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आला. या वेगाने आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो.

आता जी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती ती. जागा किती काळोखी यापेक्षा ती शहराच्या कोणत्या अंगाला आहे हे जास्त मोलाचं. वृश्चिक, धनू, आकाशगंगेचा सर्वात भरघोस भाग, हे सगळं आपण लहानपणी बरंच वर पाहिलेलं. उत्तरेकडच्या अक्षांशावर ते दक्षिण क्षितिजाला टेकतं. पन्नासाव्या अंशावर वृश्चिकातली ज्येष्ठा फार तर तेरा-चौदा अंश वर येते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडीच जास्त. अगस्तीचा तारा तर सदतिसाव्या अंशापलीकडे उगवतच नाही, त्याची वाट बघू नका. मग तुमची जागा शहराच्या उत्तरेला असली तर हा सगळा ठेवा शहराच्या घुमटात बुडतो. तीच जागा शहराच्या दक्षिणेला असली, की शहर पाठीशी, आणि समोर काळोख. म्हणून नकाशावर घर आणि शहर यांचा विचार करताना दक्षिणेकडे जाणारे रस्ते आधी बघा. माझी तळ्याची जागा याच एका कारणाने जिंकली. तिच्याहून काळोखी एक टेकडी उत्तरेला आहे, तिथे मी आता जात नाही. दक्षिण गोलार्धात ही अडचण नाही. आकाशगंगेचं केंद्र तिथे जवळजवळ माथ्यावर येतं, मृग मात्र उलटा उभा दिसतो आणि पहिल्यांदा ओळखायला जरा वेळ लागतो.

जागा निवडली की आधी दिवसा जा. फाटक किती वाजता बंद होतं, गाडी कुठे लावायची, पायाखाली खड्डे आहेत का, आणि मुख्य म्हणजे दिव्याचे खांब कुठे आहेत. दूरच्या शहराच्या उजेडावर इलाज नाही, पण जवळच्या दिव्यावर असतो: कुंपण, झाडांची रांग, गाडीचं मागचं दार, काहीही आड धरलं की काम होतं. हालचाल टिपून पेटणारे दिवे सर्वात वाईट. एका पार्किंगमध्ये आम्ही पुतळ्यासारखे उभे राहायचो, आणि कुणाला शिंक आली की लख्ख उजेड. नदीकाठची खोलगट जागा दिवसा छान वाटते, रात्री धुकं तिथेच साचतं. थोडा उंचवटा बरा. खेळाच्या मैदानांचं दुपारी काहीच कळत नाही, संध्याकाळी वरचे झोत लागतात तेव्हा कळतं.

दुसऱ्याची जमीन असेल तर विचारा. शेतमालकाला दिवसाउजेडी भेटून दुर्बीण दाखवली तर नाही म्हणणारे थोडेच. न विचारता उभं राहू नका, नवीन आलेल्यांनी तर मुळीच नाही. अंधारात उभी गाडी बघून आमच्याकडे दोनदा पोलीस आले. पहिल्या वेळी मी घाबरून गाडीत जाऊन बसले, हे चुकलंच. हात दिसतील असे ठेवून, जागेवर उभं राहून, ‘तारे बघतोय’ म्हणायचं. ओळखपत्र जवळ असू द्या. दुसऱ्या वेळच्या पोलिसाने शनी बघितला, आणि पुन्हा बघितला. हे सगळं अवघड वाटत असेल, विशेषतः एकटीने जायचं असेल, तर जवळच्या हौशी खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला जा. मंडळांना जागेची परवानगी आधीच मिळालेली असते, आणि दुर्बीण घेण्याआधी चार दुर्बिणींतून बघूनही होतं.

कधी जायचं? तिथी माहीत असली की झालं. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. कृष्ण अष्टमीनंतर शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या. चंद्राच्या उगवण्या-मावळण्यात रोजचा फरक सरासरी पन्नास मिनिटांचा. वरच्या अक्षांशांवर तो ऋतूप्रमाणे बराच कमीजास्त होतो, तेव्हा स्थानिक वेळ बघून घ्या. संधिप्रकाशाचा अंदाजही बदलावा लागतो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर रात्र पूर्ण होते. खालच्या अक्षांशांवर याला सव्वा तास लागतो, इथे सहज दोन तास, आणि ४८.५ अंशांच्या पलीकडे जूनअखेरीच्या आसपास रात्र पूर्ण होतच नाही. पहिल्या उन्हाळ्यात हे कळलं नाही तर नुसतं बसून राहाल. बर्फ पडलेलं असलं की जमीन उजेड वर फेकते, आकाश निरभ्र असूनही फिकं दिसतं.

पोचल्यावर वीस-तीस मिनिटं काहीही न बघता काढा. डोळ्यातल्या काळोखात काम करणाऱ्या पेशी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि मोबाइल एकदा उघडला की पुन्हा सुरुवात. लाल टॉर्च चालतो, तोही मंद. या पेशी नजरेच्या ऐन केंद्रात नसतात, म्हणून मंद वस्तूकडे रोखून न बघता तिच्या जरा बाजूला बघायचं. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा ताऱ्यांचा समूह, मी अशीच पहिल्यांदा पाहिली. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या टोकाकडून खाली येत होते, तिथे काही नाही म्हणून नजर सरकवली, आणि डोळ्याच्या कडेला एक लांबट, धुरकट डाग उमटला. सरळ बघितलं, गेला. पुन्हा बाजूला, आला.

शेवटी गाडीचं. लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा, म्हणजे निघताना मागचे पांढरे दिवे इतरांच्या डोळ्यांत जाणार नाहीत. दार उघडलं की लागणारा आतला दिवा बंद करायचं बटण दिवसाच शोधून ठेवा. आमच्या गाडीत ते मला सहा महिन्यांनी सापडलं. तोवर आम्ही त्या दिव्यावर मोजा बांधत होतो.