पिंपळ-उंबराचे बी मातीआड करू नका

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला की नागपूरकडे बांधावरच्या झाडांसाठी बी टाकायची घाई सुरू होते. निंबोळी, जांभूळ, मोहाची टोळी (फळे) याच दिवसांत पिकून पडते, पिंपळ-उंबराची फळेही हाताशी असतात. सगळ्यांना रीत मात्र एकच: बी टाका, माती ओढा, पाणी द्या. बारीक बियांचा घात तिथेच होतो.

पिंपळ भिंतीच्या भेगेत उगवतो, पण आपण पिशवीत बोटभर खोल टाकलेला उगवत नाही. हे बी खसखशीएवढे. पोटात शिदोरी जवळजवळ नाहीच, खोलातून वर यायला बळ कुठले? म्हणून ते उजेडाची वाट पाहते. बियातले फायटोक्रोम हे रंगद्रव्य उजेडाची पारख करते: सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश मिळाला की बी जागे होते, ७३० च्या आसपासचा गडद लाल जास्त असला की थांबते. झाडाची पाने पहिला शोषून घेतात आणि दुसरा खाली सोडतात. त्यामुळे झाडाची सावली वेगळी, नुसता उजेड कमी करणाऱ्या शेडनेटच्या जाळीची वेगळी.

हे मी स्वतः भोगले आहे. उंबराचा ट्रे गारव्यासाठी दाट आंब्याखाली ठेवला होता. पाणी रोज, तरी महिनाभर माती काळीच. तोच ट्रे शेडनेटखाली आणला आणि काही दिवसांत मातीवर हिरवे ठिपके दिसू लागले.

पिकलेली फळे पाण्यात कुस्करा, गर धुऊन काढा, बी कापडावर सावलीत वाळवा. पक्ष्याच्या पोटातून गेलेलेच बी लागते असे नाही. चाळलेली माती आणि गांडूळखत ट्रेमध्ये भरा, बी बारीक रेतीत मिसळून वर भुरभुरा, तळहाताने हलके दाबा. वरून माती नको. झारीच्या धारेने बी वाहून जाते, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. उघड्या उन्हात ट्रेवर प्लॅस्टिक झाकू नका, आपल्याकडच्या उन्हात बी शिजते.

निंबोळी, जांभूळ, मोह यांना उजेडाची ही अट नाही. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल लावा. त्यांचा प्रश्न ताजेपणाचा आहे: गर काढलेली निंबोळी दोन-तीन आठवड्यांत, जांभूळ आणि मोह आठवडाभरातच मातीत गेले पाहिजेत.